दप्तर आणि मतपेटी

‘सरकारी काम आणि सहा महिने थांब’ ही म्हण मराठी घरांत इतकी रुळली आहे कीं, तिचें कोणास हंसूं येत नाहीं व कोणास रागही येत नाहीं. कचेरींत अर्ज दिला म्हणजे तो कांहीं काळ दिसावयाचा नाहीं, हें मृगांत पाऊस पडावयाचा यासारखेंच मानून चालण्याची लोकांस संवय झाली आहे. परंतु या म्हणीच्या मागें दोन प्रश्न आहेत व ते प्रत्येक सुशिक्षित नागरिकानें एकदां तरी नीट विचारावयास हवेत. कागद थांबतो तो नेमका कोठें? आणि दर पांच वर्षांनीं मत देऊन आपण कारभारी बदलतों, त्यानें त्या थांबण्यांत कांहीं फरक पडतो काय?

या प्रश्नांचा विचार करण्यास अहमदनगर जिल्ह्याइतकें सोईचें ठिकाण महाराष्ट्रांत क्वचितच सांपडेल. २०२४ पासून या जिल्ह्याचें नांव अहिल्यानगर झालें आहे. पुढील हकीकत बहुतेक जुन्या नांवाच्या काळांतील आहे. क्षेत्रफळानें हा राज्यांतील सर्वांत मोठा जिल्हा. विस्तार १७,०४८ चौरस किलोमीटर, तालुके १४. पश्चिमेस सह्याद्रीच्या कुशींतील अकोलें, दक्षिणेस अवर्षणानें गांजलेलें कर्जत-जामखेड, आणि उत्तरेस प्रवरा-गोदावरीच्या कालव्यांवरील उंसाचा मुलूख. एवढ्या मोठ्या व भिन्न भिन्न मुलुखाचें दप्तर शेवटीं नगर शहरांत येऊन पडतें.

समजा, १९८० च्या सुमारास अकोल्याच्या डोंगरांतील एखाद्या विधवेस नवऱ्याच्या पश्चात् जमिनीवर आपलें व मुलांचें नांव लावावयाचें होतें. तिनें तलाठ्याकडे वर्दी द्यावयाची. तलाठ्यानें वारसाची चौकशी करून गांव नमुना ६ मध्यें फेरफाराची नोंद धरावयाची. संबंधितांस नोटिसा द्यावयाच्या. हरकत न आल्यास वरच्या अधिकाऱ्यानें नोंद मंजूर करावयाची आणि मग तें नांव सातबाराच्या उताऱ्यावर चढावयाचें. पण दिरानें हरकत घेतली कीं प्रकरण चढत्या पायऱ्यांनीं वर जावयाचें, आणि अपिलामागून अपील होत नगरपर्यंत पोंचावयाचें. अकोल्याहून नगर शंभर किलोमीटरांहून अधिक लांब. तेवढा प्रवास करून ती कचेरीच्या दारांत आली म्हणजे तिला मिळणारें उत्तर ठरलेलें असे: ‘पुढच्या आठवड्यांत या.’ या उत्तरानें तिची एका दिवसाची मजुरी बुडे, एसटीचें भाडें जाई, आणि नांव लागलें नाहीं म्हणून सोसायटीचें कर्जही मिळत नसे. कार्यालयीन सुधारणा हा विषय रुक्ष वाटतो खरा, पण त्याचें मोजमाप अशा फेऱ्यांतच करावें लागतें.

त्या काळांतील बहुतेक सरकारी कचेऱ्यांचें दृश्य सर्वांच्या परिचयाचें होतें. टेबलावर, टेबलाखालीं, खिडकींत आणि कपाटांच्या डोक्यावर फडक्यांत बांधलेलीं दप्तरें. त्यांत कालचा निकडीचा अर्ज आणि कित्येक वर्षांपूर्वीं निकालांत निघालेलें प्रकरण शेजारीं शेजारीं नांदत असावयाचें. कोणता कारकून कोणतें काम पाहतो हें बाहेरच्या माणसास कळत नसे. आणि तो कारकून रजेवर गेला म्हणजे त्याचें काम कोठें आहे हें आंतल्या माणसासही कळत नसे. कागद मुद्दाम दडविला जातो अशी लोकांची समजूत असते, व कधीं तसें होतेंही. परंतु पुष्कळदां तो दडविलेला नसतो. तो केवळ सांपडत नसतो. अर्जदाराच्या दृष्टीनें या दोहोंत कांहींच अंतर नाहीं. उलट, ज्याला खरोखरीच दडवावयाचें आहे त्याला ‘सांपडत नाहीं’ ही सबब आयतीच मिळते.

१९८० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत अनिलकुमार लखीना हे भारतीय प्रशासन सेवेंतील अधिकारी नगरचे जिल्हाधिकारी होते. त्यांनीं या प्रश्नास जेथून हात घातला तें ठिकाण मोठें साधें होतें. त्यांनीं नव्या कायद्याची मागणी केली नाहीं. टेबल, कपाट आणि कागद यांकडे प्रथम पाहिलें. कचेरींतील प्रत्येक काम कोणत्या क्रमानें व्हावयाचें तें लेखीं ठरविण्यांत आलें. बसण्याची व्यवस्था व सामान यांची नव्यानें आंखणी झाली. जुन्या अभिलेखांची छाननी करून ते लावून घेण्यांत आले. आणि कर्मचाऱ्यांस त्यांच्याच रोजच्या कामाचें पद्धतशीर शिक्षण देण्यांत आलें. हा ‘नगरचा प्रयोग’ पुढें ‘लखीना पद्धत’ या नांवानें देशभर चर्चिला गेला व राज्यांतील इतर अनेक कचेऱ्यांनीं त्याचें अनुकरण केलें.

महाराष्ट्रांतील कचेऱ्यांत या वळणाची जी शिस्त रूढ झाली, तिचे दोन भाग समजून घेण्यासारखे आहेत. पहिला भाग वर्गवारीचा. प्रत्येक निकालीं निघालेल्या कागदास त्याचें आयुष्य ठरवून द्यावयाचें. अ वर्गाचा कागद कायम ठेवावयाचा. ब वर्गाचा ३० वर्षें. क वर्गाचा १० वर्षें. क-१ वर्गाचा ५ वर्षें. आणि ड वर्गाचा १ वर्ष. मुदत संपली कीं तो नियमाप्रमाणें नष्ट करावयाचा. जमिनीच्या हक्काचा मूळ कागद आणि स्टेशनरीची मागणी करणारें पत्र यांस एकाच फडक्यांत बांधणें म्हणजे घरांतील दागिने व रद्दी एकाच पेटींत ठेवण्यासारखें आहे. रद्दी वेळेवर बाहेर गेली नाहीं तर दागिना हातीं लागत नाहीं.

दुसरा भाग ‘सहा गठ्ठे’ या नांवानें ओळखला जातो. प्रत्येक कारकुनाजवळील कागद सहा गठ्ठ्यांत विभागावयाचे. पहिल्यांत ज्यांवर त्यानें स्वतः काम करावयाचें आहे अशीं प्रलंबित प्रकरणें. दुसऱ्यांत दुसऱ्या कोणाच्या उत्तराची वाट पाहणारीं प्रकरणें. तिसऱ्यांत ठराविक तारखेस पाठवावयाचीं विवरणपत्रें. चौथ्यांत नेहमीं लागणाऱ्या स्थायी आदेशांची संचिका. पांचव्यांत अभिलेख कक्षाकडे पाठवावयाचीं निकाली प्रकरणें. आणि सहाव्यांत नष्ट करावयाचे ड वर्गाचे कागद. यांतील मर्म पहिल्या दोन गठ्ठ्यांच्या भेदांत आहे. ‘काम माझ्याकडे थांबलें आहे’ आणि ‘काम दुसऱ्याकडे थांबलें आहे’ या दोन गोष्टी एकदां वेगळ्या झाल्या म्हणजे जबाबदारी कोणाची हें वरिष्ठास एका दृष्टिक्षेपांत कळतें. अकोल्याच्या त्या बाईसही ‘पुढच्या आठवड्यांत या’ याऐवजीं ‘तुमचा कागद अमक्या कचेरीच्या अहवालासाठीं अमक्या तारखेपासून थांबला आहे’ असें उत्तर देतां येतें. हें उत्तर गोड नसेल. पण तें खरें असतें, आणि त्यावर पुढची तक्रार करतां येते.

तथापि जिल्हाधिकारी हा जिल्ह्याचा पाहुणा असतो. तो येतो, कांहीं वर्षें राहतो आणि बदली होऊन जातो. त्याच्यामागून येणाऱ्यास दप्तराची आवड असेलच असें नाहीं. त्यास पाण्याच्या योजनांची आवड असेल, कोणास अतिक्रमणें काढण्याची असेल. अशा वेळीं सुधारणेचें सामान मागें राहतें आणि तिचा प्राण हळूहळू निघून जातो. २०१७ मध्यें पुणें विभागाच्या आयुक्तांनीं ‘झिरो पेंडन्सी’ नांवाची मोहीम हातीं घेतली, तेव्हां त्या मोहिमेंतही दप्तराची वर्गवारी व सहा गठ्ठे यांचेच धडे कचेऱ्यांस पुन्हां गिरवावे लागले. तीस-पस्तीस वर्षांपूर्वीं शिकलेला धडा पुन्हां पहिल्यापासून शिकावा लागतो, याचा अर्थ तो माणसांबरोबर निघून गेला होता.

या दुखण्यावरील एका कायदेशीर उपायाची चळवळही नगर जिल्ह्यांतूनच उठली. पारनेर तालुक्यांतील राळेगणसिद्धीचे अण्णा हजारे यांनीं माहितीचा अधिकार, बदल्यांचें नियमन आणि दप्तरदिरंगाईस आळा या मागण्यांकरितां आंदोलनें केलीं. ऑगस्ट २००३ मध्यें मुंबईच्या आझाद मैदानावर त्यांनीं उपोषण केलें. त्याच वर्षीं राज्याचा माहितीच्या अधिकाराचा कायदा झाला व २००५ मध्यें सर्व देशाचा झाला. बदल्यांचें विनियमन व विलंबास प्रतिबंध करणारा २००५ चा महाराष्ट्राचा अधिनियम १ जुलै २००६ पासून अमलांत आला. त्यानें पदावरील सामान्य मुदत तीन वर्षांची ठरविली, आणि कोणतीही नस्ती एका कर्मचाऱ्याकडे सात कामाच्या दिवसांहून अधिक काळ पडून राहतां कामा नये असें सांगितलें. २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमानें आणखी एक पाऊल टाकलें. अधिसूचित सेवेस मुदत ठरली, मुदत चुकल्यास अपील आलें, आणि दोषी अधिकाऱ्यास ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद झाली. अधिकाऱ्याच्या हौसेनें आरंभलेली गोष्ट नागरिकाच्या हक्कांत उतरण्यास अशी सुमारें तीस वर्षें लागलीं.

येथवर दप्तराची बाजू झाली. आतां मतपेटीची बाजू पाहिली पाहिजे. कारण कचेरीस हुकूम देणारा हात निवडणुकींतून येतो, आणि तो हात निवडण्याची रीतच वेळोवेळीं बदलत आली आहे.

मुंबई इलाख्यांत १८८४ च्या कायद्यानें लोकल बोर्डें स्थापन झालीं, तेव्हां मताचा हक्क मोजक्या मालमत्तावाल्यांपुरता होता. स्वातंत्र्यानंतर प्रौढ मताधिकार आला. आणि वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून १ मे १९६२ रोजीं महाराष्ट्रांत जिल्हा परिषदा अस्तित्वांत आल्या. या रचनेंत एक विशेष होता. जिल्हाधिकारी जिल्हा परिषदेच्या बाहेर ठेवला गेला, आणि परिषदेचा कारभार चालविण्यास स्वतंत्र मुख्य कार्यकारी अधिकारी नेमला गेला. त्यामुळें नगर शहरांत कारभाराचीं दोन मोठीं केंद्रें झालीं. जमीन-महसूल व कायदा-सुव्यवस्था एकीकडे. शाळा, दवाखाने व गांवचे रस्ते दुसरीकडे. दुसऱ्या केंद्रांत अध्यक्ष व समित्या लोकनियुक्त आणि अंमलबजावणी करणारे अधिकारी सरकारनियुक्त, अशी जोडी जमविण्यांत आली. पुढें १९९३ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीनें दर पांच वर्षांनीं निवडणूक, स्वतंत्र राज्य निवडणूक आयोग आणि आरक्षण हीं बंधनकारक झालीं. २०११ मध्यें महाराष्ट्रानें स्थानिक संस्थांतील निम्म्या जागा स्त्रियांकरितां राखल्या.

गांवपातळीवरील बदल तर फारच झपाट्यानें झाले. पूर्वीं सरपंच ग्रामपंचायतीच्या सदस्यांतून निवडला जाई. २०१७ मध्यें तो थेट मतदारांनीं निवडावा असें ठरलें. २०२० मध्यें राज्यांतील सरकार पालटल्यावर ती तरतूद रद्द झाली व निवड पुन्हां सदस्यांकडे गेली. २०२२ मध्यें पुन्हां सरकार पालटलें, आणि थेट निवडणूक परत आली. पांच वर्षांत तीन वेळां नियम फिरला. नगराध्यक्षाच्या निवडीचेंही २०१६, २०२० व २०२२ मध्यें असेंच झालें.

दोन्हीं रीतींच्या बाजूनें बोलण्यासारखें आहे. सदस्यांनीं निवडलेला सरपंच सदस्यांस बांधलेला असतो. त्यास बहुमत सांभाळावें लागतें, म्हणून ठराव अडत नाहींत. पण फोडाफोडी झाली कीं त्याची खुर्ची हलते व वर्षानुवर्षें कोणतेंही काम तडीस जात नाहीं. थेट निवडलेला सरपंच मतदारांस बांधलेला असतो व त्याचें आसन अधिक स्थिर असतें. पण पंचायतींत बहुमत विरुद्ध गटाचें आलें तर अंदाजपत्रक व ठराव यांवर रोज कुस्ती होते. दोन्हीं प्रसंगीं मध्यें सांपडतो तो ग्रामसेवक, ज्यास २०२४ पासून ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. घराची नोंद ज्या नमुना ८ मध्यें असते ती नोंदवही कोणत्याही निवडणुकीनंतर तीच असते. ती नीट लिहिलेली असेल तर सरपंच कोणीही असो, गांवकऱ्यास उतारा मिळतो. ती नीट नसेल तर ‘आपला माणूस’ निवडून आल्यावरच उतारा मिळतो. आणि मग निवडणूक ही सेवा मिळविण्याची शर्यत होऊन बसते. दप्तराच्या दुरवस्थेचें हें सर्वांत घातक फळ होय. ज्या गोष्टी हक्कानें मिळावयाच्या त्या तेथें मर्जीनें मिळूं लागतात, आणि मर्जी वाटणाऱ्यास मतें मिळतात. म्हणूनच दप्तर सुधारण्याची घाई सर्वच पुढाऱ्यांस असते असें नाहीं.

उलट, निवडणुकीवांचून नुसतें दप्तर पुरेसें आहे काय? याचाही अनुभव नगरनें घेतला. जिल्हा परिषदेची निवडणूक २०१७ मध्यें झाली व सदस्यांची मुदत मार्च २०२२ मध्यें संपली. आरक्षण व प्रभागरचना यांचे वाद न्यायालयांत गेल्यामुळें राज्यांतील बहुतेक स्थानिक संस्थांच्या निवडणुका लांबल्या, आणि नगरमध्येंही पुढील तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकाच्या हातीं कारभार राहिला. प्रशासकाच्या राज्यांत कागद कदाचित् वेगानें फिरतात, कारण मध्यें कोणी अडविणारा नसतो. परंतु सर्वसाधारण सभा भरत नाहीं. अमक्या गांवची शाळा गळते आणि तमक्या रस्त्यास दोनदां पैसे कसे मिळाले, असें उभें राहून विचारणारा सदस्य नसतो. दप्तर व्यवस्थित असलें तर काम कसें व्हावें हें ठरतें. कोणतें काम आधीं व्हावें हें दप्तर सांगूं शकत नाहीं. तें सांगणें मतदाराच्या प्रतिनिधीचें काम आहे.

मग दप्तराची शिस्त आणि मतपेटीचा हक्क या दोहोंचा मेळ कोठें बसलेला दिसतो काय? नगर तालुक्यांतील हिवरे बाजार या लहानशा गांवाकडे त्यासाठीं पाहिलें पाहिजे. १९८९ च्या सुमारास तेथील गांवकऱ्यांनीं पोपटराव पवार या तरुणास एकमतानें पुढें केलें. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, श्रमदान असे नियम ग्रामसभेनें केले. शेतीकरितां विंधणविहिरी घ्यावयाच्या नाहींत असें ठरविलें. आणि दरवर्षीं पडलेला पाऊस मोजून, त्या पाण्यांत कोणतीं पिकें घ्यावयाचीं याचा हिशेब ग्रामसभेपुढें मांडण्याची प्रथा पाडली. पवारांस २०२० मध्यें पद्मश्री मिळाली. बहुतेक लेखक येथें थांबतात. परंतु प्रस्तुत विषयाच्या दृष्टीनें पुढची गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. सुमारें तीस वर्षें बिनविरोध चाललेल्या या गांवांत जानेवारी २०२१ मध्यें निवडणूक लढविली गेली. मतदान झालें, आणि सातही जागा पवारांच्या बाजूस मिळाल्या.

बिनविरोध निवडीचें आपल्याकडे फार कौतुक होतें. पण ज्या सुधारणेस कधीं विरोधकच भेटला नाहीं, ती लोकांस खरोखर हवी आहे कीं नाहीं हें कसें कळावें? त्या मतदानानें हिवरे बाजारचे नियम कमकुवत झाले नाहींत. उलट त्यांस नव्या पिढीची संमति मिळाली. पाण्याचा हिशेब ग्रामसभेंत उघड वाचला जात असल्यामुळें मतदारास काय निवडावयाचें आहे हें ठाऊक होतें. म्हणजे येथें दप्तर लोकांपुढें उघडलेलें होतें, आणि मतपेटीही खुली होती. दोहोंपैकीं एक बंद असतें तर हा कौल इतका अर्थपूर्ण ठरला नसता. गांव लहान आहे हें खरें; जिल्ह्याचा पसारा त्याच मापानें मोजतां येणार नाहीं. पण मोजण्याची पट्टी तीच राहते.

नोव्हेंबर २०२४ मध्यें महाराष्ट्रांत विधानसभेची निवडणूक झाली, डिसेंबरांत नवें मंत्रिमंडळ आलें, आणि जानेवारी २०२५ पासून सर्व कचेऱ्यांकरितां १०० दिवसांचा सुधारणा-कार्यक्रम जाहीर झाला. कचेऱ्यांची स्वच्छता, जुन्या अभिलेखांची विल्हेवाट, तक्रारींचें निवारण, संकेतस्थळांची दुरुस्ती, अधिकाऱ्यांच्या क्षेत्रभेटी हे त्यांतील विषय. १ मे २०२५ रोजीं त्याचा निकाल जाहीर करण्यांत आला व पुढें १५० दिवसांचा दुसरा कार्यक्रम आला. निवडणुकीनंतर आलेल्या सरकारनें दप्तराकडे लक्ष द्यावें ही चांगली गोष्ट होय. परंतु चाळीस वर्षांपूर्वीं नगरांत जें सुरू झालें तेंच काम पुन्हां हातीं घ्यावें लागलें, हेंही लक्षांत ठेवावें. अंगण एकदां झाडून भागत नाहीं हें घरांतील बायकांस कोणी शिकवावें लागत नाहीं. राज्यास मात्र तें दर पिढीस नव्यानें शिकावें लागतें.

तात्पर्य, कागद लवकर निघावा याकरितां चांगला अधिकारी हवा, पण त्याच्यामागें राहणारी लेखी पद्धत त्याहून अधिक हवी. आणि ती पद्धत टिकावी याकरितां तिचा हिशेब मागणारा मतदार हवा. असा मतदार होणें फार कठीण नाहीं. अर्ज दिल्यावर पोंच व क्रमांक घ्यावा. त्या कामाची मुदत किती हें विचारावें. मुदत टळल्यास ओळखीचा माणूस शोधण्याआधीं अपील करावें. ग्रामसभेस किंवा प्रभागांतील सभेस हजर राहावें. आणि मत मागावयास आलेल्या उमेदवारास रस्त्याइतकेंच दप्तराविषयीं विचारावें. शहरांतील शिकलेल्या घरांस यांपैकीं पुष्कळ गोष्टी संगणकावर बसल्या जागीं करतां येतात. ज्यांस तें जमतें त्यांनींच जर ओळखीचा आडमार्ग धरला, तर सरळ मार्गावर गवत उगवतें. आणि मग अकोल्याच्या डोंगरांतून येणाऱ्या त्या बाईस, जिची कोणाशींच ओळख नाहीं, जावयास वाटच उरत नाहीं.